वाचक विचारतात : ‘करण्यात आले’, पण कोणी?

या महिन्यात तीनच पत्रं घेतली आहेत. बरीचशी जागा पहिल्याच पत्राला गेली. तो प्रश्न तेवढा मोठा आहे आणि तो विचारणाऱ्या मुली गेल्या दोन-तीन वर्षांत वाढल्या आहेत.

प्रश्न : मॅडम, मी शिरोळ तालुक्यातली. भूगोल घेऊन बी.ए. केलं, आता एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. २०१९ च्या पुरात मी अकरावीला होते. घरात छातीएवढं पाणी होतं आणि आम्ही नऊ दिवस एका हायस्कुलात राहिलो. २०२१ ला पुन्हा तेच. इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठात हवामान बदल, विकास आणि धोरण असा एक वर्षाचा एम.एस्सी. आहे, तो करावा असं मनात आहे. वडील म्हणतात, ‘पावसाचं शिकायला एवढ्या लांब कशाला? पाऊस हितं काय कमी पडतोय?’ अकरावीपासून मी कला शाखेला, त्यामुळे विज्ञान दहावीपर्यंतच. या कोर्सला नेमकं काय शिकवतात, मला झेपेल का आणि खर्चाचं काय करायचं?
– एक विद्यार्थिनी, ता. शिरोळ

उत्तर : तुझ्या वडिलांचं म्हणणं बरोबर आहे. पाऊसच शिकायचा असेल, तर पुण्यात पाषाणला आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. मान्सूनवर जगभर मानलं जाणारं काम तिथं होतं. तिथल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. हवा एका अंशानं तापली, की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. अरबी समुद्र तापतो, वारा ते बाष्प घेऊन सह्याद्रीला धडकतो आणि राधानगरी-गगनबावड्याला चार दिवसांत महिन्याचा पाऊस होतो. एवढं विज्ञान तुला समजलं, की या विषयात उभं राहण्यापुरता पाया झाला. पुढचं ससेक्सला शिकवतात. कला शाखेची, समाजशास्त्राची, अर्थशास्त्राची मुलं या विषयाला नेहमी असतात, त्यामुळे ‘झेपेल का’ ही काळजी सोडून दे.

पाऊस पडून गेल्यावर काय होतं, तिथून हा कोर्स सुरू होतो. कोणाला आधी हलवायचं, कोणाला भरपाई द्यायची, धरणातून पाणी कधी सोडायचं, नदीकाठी कोणाला बांधू द्यायचं, हे कोण ठरवतं आणि त्या निर्णयाची किंमत कोण मोजतं, असा हा विषय आहे.

मला तो कसा कळला ते सांगते. मी बारा वर्षं कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवला आणि मग रजा घेऊन ब्रिटनमध्ये एक वर्ष हाच विषय शिकले. पहिला निबंध मी आपल्याकडच्या २००५ च्या पुरावर लिहिला. नकाशे, नद्यांची नावं, पावसाचे आकडे, सगळं होतं त्यात. आठवड्यानं निबंध परत आला, तेव्हा समासात पेन्सिलीनं एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला होता : ‘कोणी?’ मी मोजले, सतरा वेळा होता. ‘लोकांचं स्थलांतर करण्यात आलं.’ कोणी? ‘धरणातून विसर्ग वाढवण्यात आला.’ कोणी? ‘भरपाई देण्यात आली.’ कोणी, आणि कोणाला? शासकीय परिपत्रकांच्या मराठीवर माझा हात बसलेला. त्या भाषेत सगळं आपोआप होतं, करणारा कुठंच दिसत नाही. मी तीच सवय इंग्रजीत नेली होती. त्या रात्री मी निबंध पुन्हा लिहायला बसले आणि सतरापैकी नऊ ठिकाणी मला कर्ता सापडेना. मला माहीतच नव्हतं. त्या नऊ जागा शोधण्यात माझं पुढचं सगळं वर्ष गेलं.

परत आल्यावर मी प्रयाग चिखलीला गेले. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी तिथं एकत्र येतात, गुप्त सरस्वती धरून पंचगंगा होते आणि दर मोठ्या पुरात ते गाव पाण्यात जातं. २०२१ नंतर पुन्हा गेले होते, तेव्हा एका आजींच्या सोप्यातल्या भिंतीवर गेरूनं ओढलेल्या तीन रेघा बघितल्या. २००५ ची सगळ्यात खाली, २०१९ ची माझ्या डोक्याच्या वर आणि २०२१ ची तिच्याही चार बोटं वर. मी विचारलं, ‘आजी, सोनतळीला पुनर्वसनाचा प्लॉट आहे ना तुमचा?’ म्हणाल्या, ‘हाय की. खरं म्हशी कुठं बांधू तिथं? वैरण रोज कोण न्हेणार? माणसं मोजली त्यांनी, म्हशी मोजल्या न्हाईत.’ पाणी आलं की गाव सोनतळीला जातं, ओसरलं की परत येतं. बाहेरचा माणूस म्हणतो, लोक हट्टी आहेत. आजींनी मला एका वाक्यात सांगितलं की आराखड्याचा हिशेबच अर्धा होता. अशी वाक्यं ऐकायची, ती पुराव्यानिशी मांडायची आणि आराखडा करणाऱ्यांच्या टेबलापर्यंत न्यायची, हे या शिक्षणातून यायला हवं.

तुझ्या तालुक्यातच बघ. पूर ओसरला की पंचनामे होतात आणि पिकाची भरपाई ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या खात्यावर येते. ऊस बुडाला, पोंग्यात गाळ बसून कुजला, हे नुकसान मालकाचं म्हणून धरलं जातं. वाट्यानं करणाऱ्याचं काय? भांगलणीला जाणाऱ्या बाईचा दीड-दोन महिन्यांचा रोजगार बुडाला, तो कोणत्या रकान्यात लिहायचा? नवऱ्याच्या माघारी शेती करणारी, पण सातबाऱ्यावर नाव न लागलेली बाई कुठं जाते? आता हाच प्रश्न जगाच्या पातळीवर बघ. २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत गरीब देशांच्या ‘हानी आणि नुकसानी’साठी निधी उभारायचं ठरलं, पुढच्या वर्षी दुबईत तो सुरू करायचा निर्णय झाला. पैसा देशाकडे येईल. देशाकडून तो त्या भांगलणीच्या बाईपर्यंत कोणत्या वाटेनं यायचा? ज्यांनी हवा तापवली त्यांनी द्यायचं, हे १९९२ च्या रिओ परिषदेपासून बोललं जातंय, पण शेवटचे दहा किलोमीटर कोणी आखलेले नाहीत. ते आखायला शिरोळ आतून ओळखणारी माणसं लागतात. म्हणून तू या विषयात यावंस असं मला मनापासून वाटतं.

वर्गात दोन शब्द रोज कानावर पडतील. शमन, म्हणजे वायूंचं उत्सर्जन कमी करणं. अनुकूलन, म्हणजे जे बदललंय त्याच्याशी जुळवून घेत जगणं. दुसरा शब्द ऐकायला सौम्य आहे, पण भांडणं सगळी त्यातच आहेत. शिरोलीजवळ हायवेचा भराव पाणी अडवतो, तिथं पिलर घालून पूल करा, अशी आपल्याकडची मागणी आहे. भराव घालणाऱ्यांनी रस्ता पुरापासून वाचवला, म्हणजे त्यांच्या लेखी अनुकूलनच केलं. ते पाणी कोणाच्या शेतात गेलं हा पुढचा प्रश्न. कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाचंही तसंच, त्याच्यामुळे पाणी मागं फुगतं अशी तक्रार आहे. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अतिवृष्टीवर आणि पूरक्षेत्रातल्या बांधकामांवर बोट ठेवलं, अलमट्टीमुळे पूर आला हे मानलं नाही. तुमच्याकडच्या कितीतरी शेतकऱ्यांना ते आजही पटलेलं नाही. त्यांना अडाणी ठरवून हा विषय मिटत नाही. आकडे कोणाचे, मोजणी कोणाची, ती लोकांना बघायला मिळाली का आणि विश्वास कशानं बसतो, यावर अख्खा प्रबंध होईल. नृसिंहवाडीला पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणदारातून बाहेर पडलं, की लोक स्नानाला गर्दी करतात. त्या पाण्याची बातमी लोकांना कोणी समजावून सांगावी लागत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हेही कोल्हापुरात पोराबाळांना पाठ आहे. मग त्या फुटांचा अर्थ ‘माझ्या दारात पाणी कधी येणार’ असा गावागावाला लावून का मिळत नाही? हा प्रश्न मी तुला आयता देते, हवा तर घे.

आता कोर्सबद्दल. ससेक्स विद्यापीठ ब्रायटन शहराजवळ फाल्मरला आहे. तिथली विकास अध्ययन संस्था, म्हणजे आयडीएस, आणि विज्ञान धोरण संशोधनाचं एसपीआरयू हे केंद्र, दोन्ही १९६६ ची. हा एम.एस्सी. दोघांनी मिळून उभा केला आहे. त्यामुळे एका बाजूनं गरिबी, हक्क, शेती असं शिकायला मिळतं आणि दुसऱ्या बाजूनं ऊर्जा आणि तंत्रज्ञानाचं धोरण. सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो, पहिल्या दोन सत्रांत वर्ग आणि निबंध, मग उन्हाळाभर प्रबंध. वर्ष लहान आहे. डिसेंबर कधी आला कळत नाही, चारच्या सुमारास अंधार पडतो आणि निबंध अंगावर येतात. जाण्याआधी प्रबंधाचा प्रश्न डोक्यात असेल, तर त्या वर्षाचं सोनं होतं. नसेल, तर डिग्री मिळते आणि तेवढंच मिळतं.

खर्चावर मी स्पष्ट बोलते. फी, राहणं, व्हिसा, विमान धरून आकडा तीस लाखांच्या पुढे जातो. वडिलांना जमीन विकायला किंवा गहाण टाकायला लावून जाणार असशील, तर माझं उत्तर ‘जाऊ नकोस’ असं आहे. पुराच्या पट्ट्यातल्या घरानं आपला एकुलता आधार मोडून हवामान बदल शिकायला पोरगी पाठवावी, हे मला मान्य नाही. शिष्यवृत्ती मिळवूनच जा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव, म्हणजे २८०० तास, लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. तुझ्यासारखीला ही अट जाचक नाही, तुला यायचंच आहे. राष्ट्रकुल शिष्यवृत्त्या आहेत. आपल्या राज्य शासनाची अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, सारथीची मराठा-कुणबी मुलांसाठी योजना आहे, इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत. एक खाचखळगा सांगून ठेवते, कारण त्यात माझी एक विद्यार्थिनी अडकली होती. शासनाच्या योजना विद्यापीठाचा जगातला एकूण क्रमांक बघतात. ससेक्स विकास अध्ययनात क्यूएस या जागतिक क्रमवारीच्या यादीत वर्षानुवर्षं पहिलं आहे, पण एकूण क्रमांक त्या मानानं बराच खाली असतो. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची अट शब्दन् शब्द वाच आणि आणखी दोन-तीन विद्यापीठांना अर्ज कर.

म्हणून तुला मी असं सुचवेन : एम.ए. झाल्यावर लगेच जाऊ नकोस. दोन वर्षं काम कर. पुरावर, शेतीवर, आरोग्यावर, कुठल्याही संस्थेत किंवा प्रकल्पात, जिथं गावात जाऊन बसावं लागेल असं काम. जुलैत नदीवरच्या पाण्याच्या मोटारी काढायची धांदल उडते, तेव्हा नदीकाठी उभी राहा आणि लिहून ठेव. कोणाची मोटार ट्रॅक्टरनं वर येते, कोणाची पाण्यात राहते, बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, कोणी आणि कधी काढले, निरोप कोणाला आधी मिळाला. दोन वर्षांची अशी वही हातात असेल, तर शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत तुला वेगळं काही बोलावं लागणार नाही. आणि या दोन वर्षांत मुंबईच्या टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) किंवा दिल्लीच्या टेरी विद्यापीठात याच विषयाच्या जवळचं काही मिळालं, तर तो रस्ताही कमी दर्जाचा समजू नकोस. खर्च कितीतरी कमी आहे आणि मुंबईहून प्रबंधासाठी घरी यायला रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पुरते.

अर्जातल्या निवेदनाची सुरुवात मात्र ‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे’ अशी करू नकोस. त्या हायस्कुलातल्या नऊ दिवसांपासून कर. जेवणाची रांग कोणी लावली, बायकांना संडासाला कुठं जावं लागलं, कोणत्या वाडीची माणसं कोणत्या वर्गात झोपली, हे तुला आठवत असणार. तेच लिही. आणि प्रत्येक वाक्याला कर्ता असू दे.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री आहे. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झाला. आता दिल्लीला टेरीमध्ये ‘क्लायमेट सायन्स अँड पॉलिसी’ या विषयात एम.एस्सी. करायचं म्हणतो. धंदा सांभाळायचा सोडून ही झाडं लावायची विद्या कशाला, असं मला वाटतं. पुढे नोकरी तरी मिळेल का?
– एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : साहेब, तुमच्या मुलाला धंदा कळतोय असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं. युरोपीय संघानं सीमेवर कार्बनचा हिशेब मागायला सुरुवात केली आहे. त्याला सीबॅम म्हणतात. ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देणं सक्तीचं झालं आणि जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष पैशाचा टप्पा सुरू झाला. सिमेंट, ॲल्युमिनियम, खत यांच्याबरोबर लोखंड आणि पोलाद त्यात आहे. सगळं कास्टिंग आज त्या यादीत बसत नाही, पण याद्या वाढत जातात. दुसऱ्या बाजूनं सेबीनं २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना पर्यावरणाचा आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला आहे. त्या कंपन्या आपल्या पुरवठादारांना प्रश्नावल्या पाठवतात. एका टनाला कोक किती, वीज किती, भंगार किती, वाळू पुन्हा किती वेळा वापरली? तुमच्याकडे अशी प्रश्नावली आली असेल, तर ती कोणी भरली आठवा. एखाद्या कन्सल्टंटनं पैसे घेऊन अंदाजे आकडे टाकले असतील, तर पुढच्या वर्षी ते आकडे तुमच्याच अंगावर येतील.

भट्टीसमोर वाढलेला आणि हा हिशेब करता येणारा इंजिनिअर कोल्हापुरात किती जण आहेत? नोकरी मिळेल, पुण्या-मुंबईत मिळेल, आणि तो परत आला तर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या पन्नास भट्ट्यांना त्याची गरज असेल. एक अट मात्र घाला. जाण्याआधी सहा महिने भट्टीवर उभं राहून प्रत्येक हीटची, म्हणजे एका वेळच्या वितळणीची, वीज आणि माल त्यानं स्वतः लिहून काढावा. घरचेच आकडे घेऊन गेला, तर तिथं शिकलेलं त्याच्या हाती राहील.

प्रश्न : मी करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या ग्रामपंचायतीत सदस्य आहे, वय ४३. घर-शेती सोडून शिकायला जाणं शक्य नाही. इंग्रजी जेमतेम. घरी बसून काही शिकता येईल का?
– एक सदस्या

उत्तर : ताई, येईल. संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएन सीसी लर्न’वर मोफत पाठ आहेत. ते इंग्रजीत आहेत, पण लेकीला किंवा सुनेला शेजारी घेऊन बसलात, तर दोघींचं होईल. रोज अर्धा तास पुरे. पदवी झालेली असेल, तर इग्नूचे पर्यावरणाचे दूरस्थ अभ्यासक्रमही बघा.

पण त्याआधी तुमच्याच कपाटातला कागद काढा. प्रत्येक गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असायला हवा. तो ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) मागून घ्या आणि घरी नेऊन वाचा. त्यात ‘नागरिकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात येईल’ असं वाक्य असेल. त्याखाली पेन्सिलीनं लिहा : कोण हलवेल? अंथरुणाला खिळलेली माणसं किती, गरोदर बायका किती, जनावरं किती आणि कुठं? बोटीसाठी जो फोन नंबर दिला असेल, तो आजच लावून बघा. नाही लागला, तर पहिल्या पावसाच्या आत मासिक सभेत लेखी द्या आणि मला कळवा.